ताडपत्रीची गाडी

घाट संपत आला तरी सारजाबाईंचा उमासा थांबेना. सुलतानबीनं मांडीवरचं भाकरीचं टोपलं पायाशी सरकवलं, एका हातानं म्हातारीचं कपाळ धरलं आणि दुसऱ्या हातानं पिशवी तिच्या तोंडाशी नेली. पुढच्या सीटवरून पोपटराव मागं न बघताच म्हणाले, "भाभी, आईला लिंबू द्या हुंगायला." लिंबू सुलतानबीनं वरवंड गाव सोडायच्या आधीच चिरून रुमालात बांधून घेतलं होतं आणि ते केव्हाचं म्हातारीच्या नाकाशी होतं. पण तसं सांगायच्या भानगडीत ती पडली नाही.

पोपटरावांना 'भाभी' हा शब्द फार सोयीचा वाटे. त्यात मान दिल्यासारखंही होई आणि काम सांगायलाही जड जात नसे. आठवड्यापूर्वी त्यांनी अयुबला, म्हणजे आपल्या ड्रायव्हरला आणि सुलतानबीच्या नवऱ्याला, बोलावून सांगितलं होतं, की ह्या खेपेला भाभीलाही घे, तुझ्या तोंडून ऐकून ऐकून आईनं समुद्राचा हट्ट धरलाय आणि वाटेत तिला धरायला कुणीतरी पाहिजे. अयुबनं घरी येऊन यातलं पहिलं वाक्य तेवढं सांगितलं. दुसरं सुलतानबीला न सांगताच कळलं. कळूनही तिनं ट्रंकेतून लेकीच्या, शाहिस्ताच्या, लग्नातली हिरवी साडी काढली, घडी मोडू नये म्हणून उशाखाली ठेवली आणि सकाळच्या सगळ्यांच्या भाकऱ्या जुन्या साडीतच थापल्या.

गाडी पोपटरावांची ट्रॅक्स होती, बाजूंना ताडपत्रीचे पडदे असलेली जीप. एरवी ती यवत ते पाटस वडापला चालायची. माणसं दाटीवाटीनं भरायची आणि कुणी हात करील तिथं थांबायची. मे महिना लागला की मात्र तिला सहलीची भाडी यायची आणि आमच्याकडं सहल म्हटलं की देव नाहीतर समुद्र. वरवंडचं, चौफुल्याचं कुठलं ना कुठलं कुटुंब अयुब दर उन्हाळ्यात घाट उतरून त्या किनाऱ्यावर नेऊन आणायचा. शहराच्या कडेला नगरपालिकेनं तिथं बाग केली होती. झोपाळे, घसरगुंड्या, नारळाची झाडं, बसायला बाकडी आणि पुढं भिंतीपलीकडं समुद्र. बायकापोरांनी निवांत दिवस घालवावा अशी जागा, असं सगळे परत आल्यावर सांगायचे.

अयुब तसा अबोल माणूस. कालवणात मीठ कमी असलं तर नुसता हात पुढं करील, तोंडानं मागणार नाही. पण समुद्राहून आला की त्याला वाचा फुटायची. शाहिस्ता लहान होती तेव्हा त्याच्या गुडघ्याला टेकून बसायची आणि तो सांगायचा. समुद्र श्वास घेतो. बसलेली गाय पोटानं घेते ना, तसा. पाण्यात उभं राहिलं की तळपायाखालची वाळू ते हळूच ओढून नेतं, गुदगुल्या केल्यागत. तिथं गेल्यावर भांडखोर माणूससुद्धा दबक्या आवाजात बोलतो. सांगून झालं की खिशातून शिंपल्यांची माळ काढायचा आणि पाण्यातनं वेचून आणली म्हणायचा. आता पाण्यात शिंपले काय ओवलेले असतात? पण बाप सांगतोय म्हटल्यावर एवढं कोण बघतं. शाहिस्ता शाळेत सांगत फिरायची, आमच्या अब्बांनी समुद्र बघितलाय. लग्न झालं तेव्हा ती त्या माळा शिरूरला सासरी घेऊन गेली आणि तिथं आरशाला टांगून ठेवल्या.

एकदा तुम्हा दोघींनाही नेतो, तिघं मिळून पाण्यात उभं राहू, असं अयुब दरवर्षी म्हणायचा. पण सहलीची गाडी आधीच ठासून भरलेली असे. त्यात ड्रायव्हरच्या बायकापोरीला जागा कुठून असणार? बघता बघता तिघांतली एक शिरूरला गेली. आता तर ट्रॅक्सही चालली होती. पोपटरावांनी ती पाबळच्या एकाला विकली होती आणि सुमो ठरवली होती, काचेची, कुलपाची. सुमोवर त्यांच्या बहिणीचा मुलगा दत्ता ड्रायव्हर म्हणून बसणार होता. अयुबला मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीवर घ्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे ही शेवटची खेप. उरलेल्या दोघांनी का होईना, एकदा त्या पाण्यात शेजारी शेजारी उभं राहायचं, एवढंच सुलतानबीला हवं होतं. त्यासाठी घाटभर ओकारीची पिशवी धरायची तिची तयारी होती.

गाडी सुरूच्या झाडांखाली लागली. पोपटराव नवा मोबाइल कानाला लावून उतरले. त्यांची सून तेजश्री दोन्ही लेकरांना घेऊन झोपाळ्यांकडं पळाली. सारजाबाईंनी पदर सारखा केला. समुद्राची ओटी भरायला त्यांनी खण-नारळ आणला होता, ती पिशवी सुलतानबीकडं दिली. सुलतानबीनं चपला झाडल्या, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि नवऱ्याकडं पाहिलं. तो फूटबोर्डवर पाय सोडून, टॉवेल मांडीवर घेऊन बसलासुद्धा होता.

"चला की," ती म्हणाली.

"व्हा पुढं. मी आलोच."

कुठल्या बाजूनं जायचं, असं तिनं विचारलं. अयुबनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं आणि मग डाव्या बाजूला हात केला. असं सरळ गेलं की दिसतोच, म्हणाला. शेजारी एक हातगाडीवाला शिंपल्यांचा माल मांडत होता. त्याला हसू आलं.

"उधर तो संडास है, चाचा. समंदर इस तरफ," तो म्हणाला आणि सुलतानबीकडं वळून मोठ्या आपुलकीनं सांगू लागला, "चाचा को क्या मालूम, अम्मा. इतने साल से देखता हूँ, गाड़ी छोड़के कभी गए ही नहीं. बच्ची के लिए माला मेरे से ले जाते हैं."

त्याच्या गाडीवर माळा लटकत होत्या. मधोमध मोठा शिंपला, दोन्ही बाजूंना बारके, लाल दोऱ्यात ओवलेले. शिरूरच्या आरशावर होत्या त्याच. सारजाबाई तोवर चार पावलं पुढं गेल्या होत्या, त्यांच्या कानावर काही गेलं नाही. सुलतानबीनं अयुबकडं पाहिलं. तो टॉवेलचा पीळ काढत होता आणि काढून झालेला पीळ पुन्हा घालत होता.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हातारीचा दंड धरून ती बागेतून चालली होती, पण रागात तिला झोपाळे दिसत नव्हते की नारळाची झाडं. इतकी वर्षं हा माणूस आपल्याला आणि पोरीला येडं बनवत आला. आपण हातातलं काम टाकून ऐकत बसायचो. पोर शाळेत छाती काढून सांगायची. आणि हा इथं, संडासाच्या अंगाला, गाडीत बसलेला. ताडपत्रीच्या गाडीला कुलूप नसतं हे तिला ठाऊक होतं. दोन पट्टे सोडले की कुणीही आत हात घालील, म्हणून लोक फिरून येईपर्यंत त्यांच्या पिशव्या, दागिने, चपलासुद्धा ड्रायव्हरनं राखायच्या असतात, हेही ठाऊक होतं. ठाऊक असून इतक्या वर्षांत एकदाही आपल्या डोक्यात कसं आलं नाही, याचाही तिला राग आला. तो राग कुणावर काढायचा हे कळेना.

बाग संपली. कमरेइतकी भिंत आली. सारजाबाईंनी भिंतीवर हात टेकून पलीकडं पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिल्या.

"पाणी कुठं हाय?" त्या म्हणाल्या.

पाणी नव्हतं. भिंतीखाली काळा चिखल पसरला होता. त्यात दोन होड्या एका कुशीवर पडल्या होत्या, प्लास्टिकच्या पिशव्या रुतल्या होत्या आणि लांब, फार लांब, एक चकाकती रेघ होती. ती पाण्याची की उन्हाची ते सांगणं कठीण होतं.

"पाटाला सोडलं का काय गं ह्यांनी?"

सारजाबाईंची काही चूक नव्हती. वरवंडच्या तलावाचं असंच असतं. उन्हाळ्यात पाटाला पाणी सोडलं की चार दिवसांत तळ उघडा पडतो आणि पोरं त्यात म्हशी घालतात. पोपटरावही भिंतीपाशी आले. पाटकरी आणि इंजिनियर यांच्याशी भांडण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळं या विषयात त्यांना अधिकार होता. खाली कुठंतरी मागणी असणार, सुट्टीच्या दिवशी तरी राखायला पाहिजे होतं, असं मत देऊन ते पुन्हा फोनवर बोलायला गेले. बागेचा राखणदार हे ऐकून तोंडावर हात ठेवून हसला. ही ओहोटी, दुपार कलली की पाणी आपसूक येतं आणि थेट ह्या भिंतीला लागतं, असं त्यानं समजावून सांगितलं. आपसूक पाणी येतं यावर सारजाबाईंचा विश्वास बसला नाही. आमच्याकडं त्यासाठी पुढारी लागतात, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण चेहरा तसाच होता.

चिखलात कुणी रुतू नये म्हणून खाली उतरायच्या पायऱ्यांना पाणी येईपर्यंत साखळी होती. म्हातारीनं हळदकुंकू भिंतीलाच वाहिलं आणि खण-नारळ सुलतानबीच्या हातानं पलीकडं टाकायला लावला. नारळ थपकन चिखलात बसला आणि तिथंच राहिला.

"खोटारडा हाय तुझा नवरा," सारजाबाई बाकावर टेकत म्हणाल्या. दौंडच्या डॉक्टरकडं नेताना अयुबनं त्यांनाही गाईचा श्वास सांगितला होता. "मरायच्या आधी बघावं म्हणलं. ह्ये बघायला आले व्हय मी?"

सुलतानबी मघापासून मनात हाच शब्द घोळवत होती. पण म्हातारीच्या तोंडून तो आला आणि तिला झोंबला.

"न्हाई आई," ती म्हणाली. "पाणी आलं की असंल तसंच."

जेवायला सगळे गाडीपाशी आले. सुलतानबीनं सतरंजी अंथरली, भाकरी, पिठलं, ठेचा वाढला, लेकरांना भरवलं आणि सगळ्यांची जेवणं उरकून सारजाबाई सुरूच्या सावलीत आडव्या झाल्यावर आपलं आणि अयुबचं ताट घेऊन गाडीच्या पलीकडच्या अंगाला गेली. दोघं चाकाला टेकून बसले. अयुबनं भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"पहिल्या साली खरंच सांगणार व्हतो," तो म्हणाला. "पर पोर दारातच उभी. अब्बा, समुद्र कसा असतो? काय सांगू तिला? गाडी राखत बसलो व्हतो म्हणून सांगू?"

"मग ती गाय?"

"येताना मागं बसलेले लोक बोलत्यात, त्ये ऐकायचं. गाय तेवढी माझी."

सुलतानबीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. राग गेला नव्हता, पण आता तो अयुबवर राहिला नव्हता. दुपार कलली की पाणी येतं, भिंतीला लागतं, राखणदार म्हणालाय, असं तिनं सांगितलं. अयुबनं ताडपत्रीकडं बोट दाखवलं. तेव्हा ती उठली आणि तेजश्रीकडं गेली. तेजश्री मनानं चांगली होती. तिनं एका शब्दात कबूल केलं. लेकरंही दमली आहेत, मी त्यांना घेऊन गाडीत बसते, तुम्ही दोघं सावकाश जाऊन या चाची, म्हणाली.

इतकं सोपं होतं. इतक्या वर्षांत कुणीतरी एकानं घटकाभर गाडीत बसायचं होतं, बस.

बागेकडून लोकांचा गलका ऐकू येऊ लागला. पाणी आलं, पाणी आलं, असं पोरं ओरडत होती. अयुब उभा राहिला. त्यानं हात धुतले, चपला काढून सीटखाली सारल्या आणि वाकून पँट दुमडायला घेतली. आधी डावा पाय, मग उजवा. घडी वेडीवाकडी होऊ नये म्हणून प्रत्येक दुमड बोटानं दाबत त्यानं पँट पोटरीपर्यंत नेली. त्याच्या पोटऱ्या इतक्या गोऱ्या आहेत हे सुलतानबी विसरून गेली होती. तिनंही निऱ्या उचलून कमरेला खोचल्या.

तेवढ्यात पोपटराव मोबाइल खिशात घालत आले.

"चला, चला. अयुब, गाडी काढ. पुण्यात शोरूमवाला थांबलाय. सुमोचं आजच उरकून टाकू."

मालकापुढं बोलायची सवय अयुबला नव्हतीच. सुलतानबीनं पदर डोक्यावर सारखा केला आणि ती पुढं झाली.

"मालक, थोडा येळ थांबा. पाणी आलंय. आम्ही दोघं जाऊन येतो."

पोपटराव चकित झाले. ते काही वाईट माणूस नव्हते. "भाभी, तुम्ही तर सकाळीच आईसंगं जाऊन आला," ते म्हणाले. "आन् अयुबला काय नवाई? तो तर दर साली बघतोय."

सगळे तिच्याकडं पाहत होते. तेजश्री गाडीत एक पाय ठेवून, सारजाबाई सतरंजीवर उठून बसलेल्या, हातगाडीवाला माळा हातात घेऊन. उत्तर तिच्या जिभेवर होतं. यांनी एकदाही बघितला नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर पोपटराव आधी पोट धरून हसले असते आणि मग हसता हसता त्यांनी अर्धा तास दिलाही असता. पण ती गंमत यवतपासून पाटसपर्यंत प्रत्येक पारावर सांगितली गेली असती. दर साली समुद्राला जाणारा आणि समुद्र न बघितलेला अयुब ड्रायव्हर. सारजाबाईंचा 'खोटारडा' त्याच्या कपाळावर कायमचा बसला असता. आणि आज ना उद्या ती गोष्ट नदी ओलांडून शिरूरला गेली असती, त्या आरशापर्यंत. सुलतानबीनं अयुबकडं पाहिलं. तो आपल्या उघड्या पायांकडं बघत होता.

"व्हय की," ती म्हणाली. "मला वाटलं, थांबलो तर आईंनाबी बघायला मिळंल."

"मला नगं बाई," सारजाबाई म्हणाल्या. "बास झालं तुमचं पाणी."

सुलतानबीनं निऱ्या सोडल्या, सतरंजी झटकली, भांडी टोपल्यात भरली. अयुब पँट दुमडलेलीच ठेवून गाडीत बसला. चपला घालायचंही त्याला सुचलं नाही.

निघाल्यावर ऊन म्हातारीच्या तोंडावर येऊ लागलं. पोपटराव म्हणाले, भाभी, त्या अंगाची ताडपत्री बांधून घ्या. सुलतानबीनं खालचे पट्टे ओढून घट्ट बांधले. समुद्र त्याच अंगाला होता. मग तिनं सारजाबाईंचं डोकं मांडीवर घेतलं. म्हातारीला झोप लागत होती, पण मनातलं जात नव्हतं.

"अयुब," त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "खोटं कशाला सांगायचं रं बाबा? चिखलच व्हता की निसता."

अयुबचे हात स्टिअरिंगवर होते. त्याची मान थोडी खाली गेली. पोपटराव मागं वळून हसले आणि आता काही तरी बोलणार, इतक्यात सुलतानबी बोलली.

"खोटं न्हाई, आई. तुम्ही पडला व्हता तवा मी भिंतीपाशी जाऊन बघून आले. यांनी सांगितलं तसंच हाय समदं."

"म्हंजी कसं?"

"श्वास घेतंय. बसलेली गाय घेते बघा, तसा. पायऱ्या उतरून उभी ऱ्हायले तर पायाखालची वाळू वढून नेली, गुदगुल्या केल्यागत. आन् तिथं गेल्यावर माणूस मोठ्यानं बोलतच न्हाई."

"व्हय?" सारजाबाई म्हणाल्या. "मग मला उठवायचं न्हाई का गं?" आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं असावं, कारण जरा वेळानं त्या घोरू लागल्या.

अयुबनं आरशातून मागं पाहिलं. जेवणापासून निघेपर्यंत सुलतानबी गाडीपासून हलली नव्हती, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून तो आज पहिल्यांदा ऐकत होता. तिनं त्याच्या नजरेला नजर दिली आणि म्हातारीच्या अंगावर पदर ओढला.

पुढं खाडीवरचा पूल लागला. खालून पाण्याचा मोठा आवाज येत होता आणि वाऱ्यानं ताडपत्री फुगत होती, पुन्हा आत बसत होती. पुलाच्या मध्यावर गाडी हळू झाली. इतकी हळू, की मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. सुलतानबीचा हात पट्ट्याकडं गेला, पण मांडीवर म्हातारीचं डोकं होतं आणि गाठ तिनंच घट्ट मारलेली होती.

"का रं, हळू का घेतली?" पोपटरावांनी विचारलं.

"काय न्हाई, मालक."

त्यानं समोर बघत गियर बदलला. क्लच दाबताना त्याचा डावा पाय दोन सीटांच्या मधून सुलतानबीला दिसला. पोटरीपर्यंत दुमडलेली पँट तशीच होती, एकेक घडी बोटानं दाबून बसवलेली, कोरडी.